पाकिटासकट वजन

बाई सकाळी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि संध्याकाळी सहाला व्यायामशाळेत जाऊन वजनं उचलत. पहिल्या गोष्टीचं कुणाला काही वाटत नसे. दुसरीबद्दल मात्र ज्याला त्याला मत होतं. सासूबाई म्हणत, "घरातली बादली उचलताना हिची कंबर धरते, आणि तिकडे फी भरून लोखंड उचलते!" प्रबंधाचे गाइड सर तर तोंडावरच सांगत, "दोन डगरींवर पाय ठेवू नका. आधी पदवी घ्या, मग खुशाल डोंगर उचला."

बाई मान डोलवत आणि सहाला हजर होत. अडतिसाव्या वर्षी जिना चढताना दम लागला म्हणून डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं. चालता चालता त्या एकदा व्यायामशाळेत शिरल्या आणि चालायचं राहूनच गेलं. घरीदारी त्या सगळ्यांचं ऐकून घेत. लोखंड तेवढं त्यांचं ऐकत असे, तेही त्याच्या मर्जीने.

प्रबंध सहा वर्षं चालला होता. एकाच जातीच्या कडधान्याला अर्ध्या वाफ्यांत भरपूर पाणी, अर्ध्यांत निम्मं. आणि निष्कर्ष असा की निम्म्या पाण्यातही दाण्याचं वजन घटत नाही. एका परिषदेत बाईंनी हे वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. आता प्रबंध सादर करायला नऊ दिवस उरले होते आणि पुढच्या महिन्यात बढतीची मुलाखत होती.

त्या संध्याकाळी स्पर्धा जवळ आली म्हणून प्रशिक्षकांनी दांडीच्या दोन्ही टोकांना स्पर्धेतल्या जाड लोखंडी कॉलर लावल्या. प्लेटा घसरू नयेत म्हणून त्या लागतात. एरवी सरावाला साध्या क्लिपा असत. बाईंनी दांडी डोक्यावर नेली, धरली, सोडली.

"पासष्ट," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पुन्हा पासष्टच. पाच महिने झाले."

"पासष्ट कसले? कॉलर काय माझ्या खिशात होत्या?" प्रशिक्षक म्हणाले. "अडीच-अडीच किलोच्या आहेत. सत्तर उचललेत तुम्ही!"

भोवतालच्या पोरींनी आरडाओरडा केला. बाईंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. सोबत लावलेलं, पण न मोजलेलं वजन! त्यांना दाण्यांची पाकिटं आठवली.

दोन वर्षांपूर्वी भरपूर पाण्याचे दाणे त्यांनी नुसते तराजूवर ओतून मोजले होते, शंभर-शंभर. निम्म्या पाण्याचे दाणे मोजताना पावणेसहा वाजले. सरावाला उशीर नको म्हणून ते कागदी पाकिटांसकटच तराजूवर ठेवले. पाकिटाचं वजन मागाहून वजा करू म्हणाल्या. ते मागाहून कधी उजाडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचं दार लावून त्यांनी एक रिकामं पाकीट तराजूवर ठेवलं. पॉइंट चार ग्रॅम. शंभर दाणे अडीच ग्रॅमचे. त्यातून एवढे गेले तर निष्कर्षाचे पार बारा वाजत होते.

कुणाला कळणार होतं? नोंदवही त्यांची, पाकिटं त्यांची. शिवाय चुकीचं कारण कळलं तर सर म्हणणार, बघा, लोखंडापायीच झालं ना. तेवढी एक संध्याकाळ बाईंनी सराव बुडवला. अन्न गोड लागेना. पण व्यायामशाळेत कॉलर मोजून मिरवायचं आणि इथे पाकीट गिळून टाकायचं, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

सकाळी त्यांनी गाइड सरांना सगळं सांगितलं. पावणेसहाची घाईही सांगितली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आणि लक्षात कुठे आलं?"

"व्यायामशाळेत, सर."

"म्हणजे चूक तिथे जाण्याच्या घाईत, आणि सापडली तीही तिथेच." सर म्हणाले, "फिट्टंफाट झाली. पाकिटं काही एका वजनाची नसतात, नुसतं वजा करून भागणार नाही. आता दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस पाकिटं फोडा आणि दाणे नव्याने मोजा. प्रबंध पुढच्या वर्षी."

बढती हुकली. स्पर्धेत पाच जणींमध्ये त्या चौथ्या आल्या. दाण्यांचं वजन निम्म्या पाण्यात सहाव्या हिश्शाने घटतं, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असलेलं सत्य त्यांनी सरावाच्या वेळा सांभाळून सात महिने मोजून काढलं. रात्री मात्र त्यांना गाढ झोप लागू लागली.

वर्षभराने व्हायवा झाली. बाहेरून आलेले परीक्षक पांढऱ्या मिशांचे, मितभाषी होते. त्यांनी प्रबंध उघडला, वजनांच्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि तिथेच थांबले.

"त्या परिषदेत मी मागच्या बाकावर होतो," ते म्हणाले. "तेव्हाच मनात आलं, हे दाणे जरा जास्तच जड आहेत. आज पहिला प्रश्न हाच विचारायचा, असं ठरवून परीक्षक व्हायला हो म्हटलं." त्यांनी पान उलटलं. "चूक कशी झाली आणि कशी सुधारली, ते तुम्हीच लिहून ठेवलंय. आता मी विचारू काय?"

बाहेर आल्यावर बाईंनी नवऱ्याला फोन लावला, पण तोंडून शब्द फुटेना. "अगं, काय झालं? नापास केलं का? बोल ना!" तो घाबऱ्या आवाजात विचारत राहिला, आणि बाई भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत राहिल्या.