फोटोची दृष्ट

आमच्या खोडदला शेताच्या बांधापलीकडं दुर्बिणीच्या मोठाल्या ताटल्या उभ्या. आकाशाच्या पार टोकाचं त्यांना ऐकू येतं म्हणे. कॉलेजात असताना मी त्याच ताटल्यांसमोर, नवा पंजाबी ड्रेस घालून फोटो काढला आणि नेटवर टाकला, तर एका मेल्याला त्यावर शब्द सुचेना!

तेव्हा नेट म्हणजे नारायणगावातलं सायबर कॅफे. कॉलेज सुटलं की मी आणि माझी मैत्रीण एकाच खुर्चीत दाटीवाटीनं बसायचो. तिच्या फोटोखाली 'लई भारी', 'सो क्यूट' यांची ही रांग. फोटो कसला, तर टोमॅटोच्या क्रेटवर बसलेली, तेही डोळे मिटून! माझ्या फोटोखाली ठणठणगोपाळ.

"अगं, लाइट नसंल लोकांकडं," ती म्हणायची.

लोडशेडिंग काय फक्त माझ्याच फोटोला होतं? असा राग यायचा की एसटीत मी तिच्याशेजारी बसणं सोडलं. घरी आले की आरशापुढं उभी राहून नाकाला दोष द्यायचा. जेवण नको, बोलणं नको. जीव नुसता त्या एका शब्दात अडकलेला.

आईनं थोडे दिवस बघितलं, मग मैत्रिणीला गाठून सगळं काढून घेतलं.

"आख्ख्या जगाला फोटो दाखवलास व्हय? मंग दृष्ट लागंल न्हाई तर काय व्हईल!"

मला रडूच फुटलं. "कुणाची लागणार? कुणी बघितलाच नाय! मी कुणाला आवडतच नाय, आई."

आई उठून मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घेऊन आली आणि मला पाटावर बसवून ओवाळायला लागली. "आल्यागेल्याची, शेजारापाजाराची," जरा थांबून, "त्या कंपूटरवाल्यांची..." आणि मूठ चुलीत झटकली.

मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नाही, न लागला तर जबर दृष्ट, असं आमच्याकडं मानतात. मी नाक वर करून बसले. मीठ तडतडलं. ठसका नाहीच!

"बघ, लई जणांनी बघितलंय तुला," आई म्हणाली. "बोलत न्हाईत मेले, पन बघत्यात."

काय सांगू, असा आनंद झाला! ठेच्यासंगं दोन भाकरी हाणल्या. दुसऱ्या दिवशी एसटीत मैत्रिणीशेजारी जाऊन बसले आणि मला केवढी दृष्ट लागलीय ते तिला ऐटीत सांगितलं. ती बिचारी जळाली.

त्यानंतर धुणं धुवायला बसले, तर आईच्या साडीच्या पदराला गाठ. सोडली. आत सुक्या मिरच्या, सगळ्याच्या सगळ्या, मिठाचे खडे चिकटलेल्या. एकही चुलीत गेली नव्हती.

मी त्या गुपचूप मिरच्यांच्या डब्यात टाकल्या.

"डोळं का गं लाल?" आईनं विचारलं.

"मिरचीचा हात लागला."

"धू मग चांगलं," ती म्हणाली. कुठली मिरची, ते तिनं विचारलं नाही.