मेल्यावर लिहायच्या दोन ओळी

नाव: नरहरी माणिकराव खेडीकर. मूळ राहणार आर्वी, जिल्हा वर्धा. हल्ली मुक्काम हुडको वसाहत, भिलाई. पद: कनिष्ठ पर्यवेक्षक, दृश्यपटल. कर्तव्य: भट्टी-नियंत्रण कक्षात बसून पडद्यावरील आकड्यांचे सतत अवलोकन करणे. ओळखीची खूण: चष्म्याची डावी काडी दोऱ्याने बांधलेली. शारीरिक श्रम: नाहीत. जोखीम: नाही.

सेवापुस्तकात एवढं होतं. रामाजीला त्याने तळघरात पाठवलं, हे नव्हतं.

मिल खाजगी होती, मोठ्या कारखान्याच्या सावलीतली. लोखंड तापवायची एक भट्टी, भट्टीखाली तळघर, तळघरात गॅसचे नळ. नळांत पाणी साचायचं. ते रोज एकदा खाली उतरून काढावं लागे. त्या गॅसमधल्या ज्या भागाने माणूस मरतो, त्याला वास नाही. म्हणून पूर्वी आधी दोरीला मीटर बांधून खाली सोडायचे आणि मग माणूस. एकोणनव्वद साली कम्प्यूटर आला, तळघरातला आकडा पडद्यावर दिसू लागला आणि दोरीचा मीटर कपाटात गेला. त्याच्या जागी एक रिवाज पडला. झाकणापाशी उभा असलेला माणूस काचेपलीकडून विचारी, "किती?" आकडा पन्नासच्या आत असला की नरहरी तो वाचून म्हणे, "जा." हा 'जा' कुठल्याही नियमात नव्हता, पण त्याच्याशिवाय कोणी शिडीवर पाय टाकत नसे.

"किती?" रामाजीने विचारलं होतं.

"नऊ. जा."

चाळीस मिनिटांनी त्याचं प्रेत वर काढलं. काचेसमोरून नेलं तेव्हाही पडद्यावर नऊच होते. कोपऱ्यातलं घड्याळ अकरा बेचाळीस दाखवत होतं, आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा होऊन गेले होते. विजेच्या एका झटक्याने कम्प्यूटर अकरा बेचाळीसलाच मेला होता. तळघरातला गॅस बाहेर ओढणारा पंखाही त्याच झटक्याने थांबला होता. पडदा मात्र शेवटचं चित्र धरून बसला होता, डोळे मिटायचे राहून गेलेल्या माणसासारखा. आपण मेल्याची खबर यंत्राने दिली नव्हती असं नाही. ती मिलचे मॅनेजर अरुणकुमार साहेबांच्या केबिनमधल्या प्रिंटरवर छापून आली होती. केबिनला कुलूप होतं. साहेब मीटिंगमध्ये होते.

चौकशी झाली. 'दृश्यपटल सुस्थितीत आढळला.' हे खरंच होतं.

महिनाभर दोरीचा मीटर निघाला. मग परत कपाटात गेला, कारण पडदा होता. रामाजीच्या जागी जवळच्या उतई गावचा कवडू आला. आता रोज कवडू विचारणार होता, आणि रोज नरहरीला 'जा' म्हणायचं होतं.

थांबलेल्या कुठल्याच चित्रावर त्याचा विश्वास राहिला नाही. दूरदर्शनवर बातम्या देणारी बाई पान उलटायला थांबली तरी तो खुर्चीतून उठून उभा राही. मिलमध्ये कम्प्यूटरची जाडजूड पुस्तकं आलेली होती, प्लास्टिक न फाडता ठेवलेली. ती त्याने फाडली आणि वाचली.

त्यातून कळलं ते असं. पडद्यावर चित्र काढणारा एक वेगळा कारागीर आत असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. साधं अक्षर काढायचं तरी तो मुख्य यंत्रणेकडे जागा मागतो, रांगेत उभा राहतो, दुसऱ्याचं काम चालू असेल तर वाट पाहतो. मुख्य यंत्रणाच मेली तर जागा कोण देणार? तो वाटच पाहत राहतो, आणि जुनं चित्र तसंच. म्हणजे मेल्याची खबर कोणाकडे काही न मागता लिहिता आली पाहिजे. जागा आधीच राखून ठेवलेली, अक्षरांचे आकार आधीच काढून ठेवलेले, आणि रांग सोडून थेट पडद्याच्या स्मृतीत लिखाण. यंत्रणा शेवटचा श्वास घेताना आज्ञावलीतल्या ज्या ओळीवर उडी मारते, तिथे त्याने हे बसवलं.

अक्षरं त्याने घरी ग्राफपेपरवर चौकटी भरून काढली. सुहासिनी, त्याची बायको, चहा घेऊन आली आणि वाचून तिथेच थबकली.

"हे काय लिहून राहिले तुमी?"

"मशीनसाठी आहे."

"मशीनले सांगा आपल्या घरी मरायले. देवासमोरचा पाट आहे तो."

भट्टी रविवारी बंद असे. अठरा रविवार त्याने यंत्र मुद्दाम मारलं. सुरुवातीला पडद्यावर नुसतं 'मी मे' उमटे आणि तिथेच थिजे. रिकाम्या मिलमध्ये त्या अर्ध्या वाक्यासमोर तो बसून राही. मग सापडलं: तिसऱ्या अक्षरासाठी त्याची आज्ञावली अजूनही मेलेल्याकडेच जागा मागत होती. एकोणिसाव्या रविवारी दोन ओळी पूर्ण आल्या.

साहेबांनी त्या पाहिल्या. "खेडीकर, मशीन 'मी' कैसे बोलेगी? लिखो, प्रणाली अनुपलब्ध."

"सर, उतने अक्षर नहीं बैठते."

कवडूलाही ते कळलं. "नरहरीभाऊ, तुमची मशीन मेल्यावर बोलते म्हणे? आमचा फोरमन तं जिता असून बोलत नाही."

ऑक्टोबरातला मंगळवार, दुपारचे तीन. कवडूने कमरेला पट्टा बांधला, झाकण उघडलं.

"भाऊ, किती?"

पडद्यावर अकरा. नरहरीने कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं, मनगटावरचं पाहिलं. दोन्ही जुळत होती.

"अकरा. जा."

कवडू दोन पायऱ्या उतरला. दिवे डोळा मिटावा तसे क्षणभर मिटले आणि पुन्हा आले. पडदा काळा झाला, आणि त्यावर वरून खाली, कोणी संथपणे लिहीत असल्यासारखी, नरहरीच्याच वळणाची पांढरी अक्षरं आली:

मी मेलो.
खाली जाऊ नका.

नरहरीने काचेवर दोन्ही हात आपटले. "वर ये! कवडू, वर ये!"

"कावून? आत्ताच तं जा म्हटलं ना!"

"मशीन मेली!"

"बोलली?"

"बोलली."

कवडू वर आला. कपाट फोडून दोरीचा मीटर काढला, दहा मिनिटांनी खाली सोडला. काटा शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला आणि तिथेच थरथरत राहिला. तळघराचा पंखा बंद होता.

अक्षरं पडद्यावरून जाईनात. पुसायला आत कोणी जिवंत नव्हतंच. पाळीतली माणसं काचेपाशी गोळा झाली. दोघांनी चपला काढल्या. वीज तोडा, असं साहेब दोनदा म्हणाले. कोणी जागचं हललं नाही.

संध्याकाळी नोंदवही भरली गेली. दृश्यपटल: अनधिकृत मजकूर आढळला, संबंधितास समज देण्यात आली. उत्पादन: तीन तास बंद. घटना: निरंक.

कवडू पावणेसहाला सायकलवर उतईला गेला.