साध्या पाण्याची बादली

आम्ल घातलेलं पाणी मी जस्ताच्या बादलीत साठवलं. त्यात मी रसायनशास्त्राचा मास्तर.

नव्वदच्या दशकात बारामतीच्या एका कॉलेजात पीएचडीसाठी मी उंदीर पाळले होते. म्हणजे उंदीर प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी पाळले, मी वह्या पाळल्या. मामा कन्हेरीचे. बरीच वर्षं रोजंदारीवर होते, त्या साली कायम व्हायचे होते. उंदराला शेपटीनं उचललेलं त्यांना खपत नसे. पिंजऱ्यात तळहात ठेवून ते थांबत. उंदीर आपणहून वर येई. तुम्ही असता तर घड्याळ बघायचं विसरला असता. मी विसरत नसे.

जस्त पोटात गेलं की यकृतात धातू धरून ठेवणारं एक प्रथिन वाढतं. मग तणनाशकाचं विष दिलं, तर शरीराला आतून चढणारा ऑक्सिजनचा गंज ते प्रथिन थोपवतं, असा माझा दावा. म्हणून अर्ध्या उंदरांना जस्ताचं पाणी, अर्ध्यांना साधं. जंतू होऊ नयेत म्हणून दोन्हींत किंचित आम्ल. साध्या पाण्याची प्लास्टिकची टाकी फुटली आणि मी बाजारातून चकचकीत बादली आणली.

महिन्याभरानं मामा म्हणाले, "बादली आतनं खरबरीत व्हायलीय, सर. आधी बघा, मग लिवा."

आधी बघा, मग लिवा, हे ते रोजच म्हणत. मी त्यांना बादली घासायला सांगितलं.

विष दिल्यावर दोन्हींकडचे उंदीर सारखेच टुणटुणीत. मामांनी मधेच पिंजऱ्यांची अदलाबदल केली, असं मी प्राचार्यांना लिहून दिलं. मामा कायम झाले नाहीत. किल्ली माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले. मला काही वाटलं नाही. मी वहीचं पुढचं पान उघडलं.

बादली तळातून गळायला लागली तेव्हा उजेड पडला. आम्लानं जस्त पाण्यात उतरवलं होतं. साधं पाणी साधं राहिलंच नव्हतं.

मामा भिगवणला असतात असं कळलं, म्हणून एसटीनं गेलो. ते मासळीच्या गाळ्यावर बर्फ फोडत होते. मी सगळं सांगितलं, अगदी सूत्रासकट. त्यांनी बर्फ फोडणं थांबवलं नाही.

"ह्ये हापिसात सांगितलं का?"

नाही म्हणालो. प्रबंध अजून जायचा होता.

"मग हितं कशाला आला, सर? मासळी घ्या, न्हायतर बाजूला व्हा. मागं गिऱ्हाईक हाय."