फादरचे झगे शिवणारी कालिंदी

कालिंदी कुबल गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत एकटी राहायची. नवरा लवू बोटीवर खलाशी. लढाईच्या दिवसांत त्याची बोट एडनकडे गेली आणि त्यानंतर ना लवू आला, ना पत्र. बोटकंपनीच्या कचेरीत विचारलं तर त्याचं नावच सापडेना. ना बुडालेल्यांत, ना उतरलेल्यांत. चौदा वर्षं झाली. कुंकू लावलं तरी शेजारणी बघायच्या, नाही लावलं तरी बघायच्या. तिने कुंकू ठेवलं आणि हळदीकुंकवाला जाणं सोडलं.

जरीच्या भरतकामात तिचा हात बसलेला होता. ते ऐकून जवळच्या चर्चमधले पास्कलमामा एकदा फादर मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेला, घालतात तो झगा घेऊन आले. पाठीवरचा क्रूस उसवला होता. मामा सत्तरीचे, बिनलग्नाचे. चर्चमधली वस्त्रं सांभाळायचं त्यांचं काम. मग दर महिन्याला ते यायचे, स्टुलावर बसून चहा घ्यायचे आणि बोलायचे. त्या खोलीत बोलणं व्हायचं ते तेवढंच.

“पांढरा सणाचा, बाय. नाताळ, ईस्टर. लाल रक्ताचा, धर्मापायी जीव दिलेल्यांचा. हिरवा साध्या दिवसांचा. जांभळा प्रायश्चित्ताचा. आणि काळा मयताचा.”

कालिंदीने सुई थांबवली. “मामा, जिचो घोव जिवंत आसा का नाय ता ठावक नाय, तिचो रंग खयचो?”

मामांनी बशी खाली ठेवली. “तसल्या दिवसाला आमच्याकडेपण रंग नाही गं, बाय.”

तिला बरं वाटलं. दुसऱ्या कुणी काहीतरी उत्तर देऊन टाकलं असतं.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि शहर पेटलं. गोळीबार, करफ्यू. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारची कमलाबाई इस्पितळातल्या आयाच्या पाळीवरून करफ्यूचा पास दाखवत घरी आली, ती थेट कालिंदीच्या दारात.

“अगं, तुझे पास्कलमामा गेले. काल छातीत कळ आली. बारा वाजता मिस्सा, मग पुरणार. इस्पितळात फादर भेटले होते. म्हणाले, काळा झगा कालिंदीकडे आहे, पण असल्या दिवसात आणायला कुणाला पाठवू? दुसऱ्या झग्यावर भागवू.”

झग्याचं अस्तर अर्धं राहिलं होतं. कालिंदी खाली बसली, ते पुरं केलं, झगा पंच्यात बांधला आणि पायांत चपला सरकवल्या.

“वेड लागलंय का तुला? गोळ्या झाडतायत!”

“तेंका माणूस नाय. निदान झगो तरी नीट मिळांदे.”

नाक्यावर पिवळ्या टोपीच्या शिपायाने तिला अडवलं. पंच्यातून काळं कापड दिसत होतं.

“काळी निशाणं घेऊन कुठे चाललीस? कुणी पाठवलं?”

तिने गाठ सोडली आणि झगा दोन्ही हातांनी उंच धरला. काळ्या कापडावर रुपेरी जरीचा मोठा क्रूस होता. “चर्चात मयत आहे,” ती म्हणाली. “त्या माणसाला कुणी नाही.”

“तू कोण त्याची?”

“झगे शिवते,” ती म्हणाली.

शिपायाने झग्याची घडी घालायचा प्रयत्न केला. ती वाकडी झाली, तेव्हा तिने घातली. चर्चच्या फाटकापर्यंत तो तिच्याबरोबर चालत आला.

आत फादर, शवपेटी उचलायला चौघे, आणि शेवटच्या बाकावर ती. फादरनी तो झगा घातला. लॅटिनमधल्या प्रार्थनेतलं एक अक्षर तिला कळलं नाही. पेटीकडे बघता बघता तिला रडू कोसळलं. लवूसाठी ती कधी रडली नव्हती. रडणं म्हणजे तो मेला असं कबूल करणं, अशी तिला भीती होती. आज तिला कुणी विचारलं नाही, कुणासाठी रडतेस म्हणून.

घरी आल्यावर तिने ट्रंक उघडून लवूचे दोन सदरे कमलाबाईच्या नवऱ्याला देऊन टाकले. कुंकू मात्र तसंच ठेवलं. कमलाबाईने विचारलं, तर म्हणाली, “सवय आसा.”

मामांच्या जागी आलेला माणूस कामसू होता. गाठोडं दारातच द्यायचा, शिवलेलं दारातूनच न्यायचा. चहा विचारला की म्हणायचा, “घाई आहे.”

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. चाळीवर दिव्यांच्या माळा लागल्या, कमलाबाईने ओढून तिला गॅलरीत आणलं. खाली ढोल वाजत होते, माणसं पेढे वाटत होती. कालिंदीने एक पेढा घेतला, थोडा वेळ कठड्याला टेकून बघितलं. मग गर्दीतून वाट काढत ती आपल्या खोलीत आली आणि दार ओढून घेतलं. आत मामांचं स्टूल रिकामंच होतं.