चिंध्यांचं टोपलं

शिलाई कारखान्यातला कापड बेतणारा मास्तर आणि इस्त्रीखात्यातला त्याचा साडू, दोघे एकाच घरचे जावई. पण परदेशी गिऱ्हाईक आलं की इंग्रजी येतं म्हणून साहेबांची हाक साडूला. तो ऐटीत म्हणायचा, "वुई हॅव कट डाउन ऑन वेस्ट," आणि मास्तरच्या टेबलाखालच्या टोपल्याकडे बोट दाखवायचा. चिंध्या कमी केल्या मास्तरने, शाबासकी साडूची. मास्तरचा जळफळाट व्हायचा.

शेवटी त्याने साहेबांना गाठलं. "या खेपेला माझं काम मी सांगतो."

"नीट सांगितलंत तर पुढेही तुम्हीच."

घरी पोरीने वाक्य घोकून घेतलं. "बाबा, 'ऑन' गिळू नका."

"गिळला तर?"

"काका नाही गिळत."

मग मास्तरने 'ऑन' असा ठणकावला की आतून बायको ओरडली, "अहो, फळीवरची भांडी पडतील!"

गिऱ्हाईक यायच्या दिवशी मास्तरला नुसतं वाक्य पुरेना. टोपलं रिकामं दिसायला हवं होतं. बाही कापडाच्या उभ्या धाग्यातच बेतायची, तिरकी कापली तर अंगावर पिळते, हे त्याच्या हाताला पाठ होतं. तरी कापडावर इतर भागांच्या मधे उरलेल्या फटींत त्याने बाह्या तिरक्या कोंबल्या. हात थबकला. तेवढ्यात साडू नवा शर्ट घालून समोरून गेला. मास्तरने कात्री चालवली.

शर्ट शिवून इस्त्रीला गेले. दुपारी गिऱ्हाईक आलं. मास्तरने वाक्य म्हटलं, 'ऑन'सकट. पाहुण्यांनी टोपल्यात डोकावून मान डोलावली. शर्ट हातात घेतला, तेव्हा मास्तरला घाम फुटला. पण बाही सरळ सुतासारखी! साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

पाहुणे गेल्यावर साडूने इस्त्रीच्या टेबलाखालून गठ्ठा ओढला. "घ्या साडूबुवा, तुमचे आजचे. इस्त्री फिरवली तर बाही पिळली. मी कालचे शर्ट पुढे केले."

"साहेबांना सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? वाक्य मात्र झकास म्हणालात."

मास्तरला वाटलं, याने चार लोकांत बोंब मारली असती तर बरं. निदान मनसोक्त भांडता आलं असतं. आता तेही गेलं.

तो बाह्या उसवायला बसला. नव्या बेतल्या, उभ्या धाग्यात. सुट्टी होईपर्यंत टोपलं शिगोशिग भरलं. साडूने जाता जाता ते पाहिलं आणि पायानेच टेबलाखाली आणखी आत सरकवलं.