डाव्या खुर्चीतली वृंदा

वृंदाला नाही म्हणता येत नसे. म्हणजे नवऱ्याला ती दिवसातून पाच-पंचवीस वेळा म्हणे; पण समोर वयाने मोठं माणूस आलं की तोंडातून होकाराशिवाय काही निघत नसे. मार्च २०२० मध्ये सासूबाई थोड्या दिवसांसाठी नागपूरहून आयर्लंडमध्ये ब्लँचर्डस्टाउनला आल्या आणि लॉकडाउनमध्ये अडकल्या. तेव्हापासून वृंदा रोज एक पोळी जास्तीची खात होती. "किती बारीक होऊन राहिली तू," असं म्हणत सासूबाई पोळी वाढायच्या. डिसेंबरात कामाची पँट कमरेला बसेना, तरी वृंदा आपली बारीकच.

ती विमानं दुरुस्त करणारी इंजिनियर. त्या वर्षी विमानं उडत नव्हती, रांगेने नुसती उभी होती. पण गोठ्यातल्या म्हशीसारखं त्यांचंही सतत करावं लागतं. इंजिन फिरवा, चाकं हलवा, हँगरमध्ये न्या, परत आणा. मोठं विमान जमिनीवरून असं चालवत न्यायला वेगळा परवाना लागतो. कंपनीने अर्धी माणसं घरी बसवली होती आणि परवानावाल्यांनाच ठेवणार हे उघड होतं. पियूष, तिचा नवरा, सॉफ्टवेअरवाला. त्याची नोकरी गेली तर तो लॅपटॉप उघडून दुसरी शोधेल. हिची गेली तर पुन्हा विमानाला हात लागेल की नाही देव जाणे.

परीक्षा अंधारात घेत. त्या बाबतीत आयर्लंडचा डिसेंबर सोयीचा, चहा होतो न होतो तोच रात्र. परीक्षक ब्रेंडन साठीचा, पांढऱ्या मिशीचा. सगळे त्याला ब्रेंडन म्हणत, वृंदा 'सर' म्हणे.

अंधारात मोठं विमान चालवणं म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून अख्खी इमारत हाकणं. उंचावरून वेग कळत नाही. रांगतोय असं वाटतं आणि विमान धावत असतं. चाकं आपल्या बरीच मागे, म्हणून वळण ओलांडून पुढे जायचं आणि मग वळायचं. ओल्या जमिनीवर एका दिव्याचे दोन दिसतात. आणि पंखांची टोकं तर चालवणाऱ्याच्या डाव्या खुर्चीतून दिसतच नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक माणूस हातात पेटती कांडी घेऊन चालतो. कांडी दिसेनाशी झाली की थांबायचं, हा नियम.

पहिल्या परीक्षेत उजवी कांडी अचानक गायब झाली. शेजारून ब्रेंडन म्हणाला, "चल, ग्रँड आहे." तिकडे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक. वृंदा गेली. ब्रेंडननेच ब्रेक दाबला. कांडी त्यानेच लपवायला सांगितली होती.

"मी म्हटलं म्हणून गेलीस?"

"हो सर."

"डाव्या खुर्चीत तू आहेस. मी नाही." अजून एक संधी देतो, म्हणाला.

घरी पियूषने हसून घेतलं. "आधी आईला पोळी नको म्हण. विमान सोपं आहे." त्या दिवशी वृंदाने धीर करून ताटावर हात धरला. "आई, पुरे." सासूबाई म्हणाल्या, "बरं, अर्धी घे." तिने अर्धी घेतली.

दुसऱ्या परीक्षेला बोचरा वारा आणि भुरभुर पाऊस. डावीकडे बंद विमानांची काळी रांग. वृंदाने वळण नीट घेतलं, वेग नीट ठेवला, आणि रांगेच्या मध्यावर डावी कांडी नाहीशी झाली. तिने विमान थांबवलं.

"ग्रँड आहे गं. जागा भरपूर आहे," ब्रेंडन म्हणाला.

"नाही."

"वृंदा, मी वीस वर्षं इथे चालवतोय. चल."

वडिलांच्या वयाचा माणूस दोनदा सांगतोय. पण तिने पाय ब्रेकवरून काढला नाही. "कांडी दिसल्याशिवाय नाही."

मग डावीकडे उजेड हलला. कांडीवाला डेक्लन होता. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली, म्हणून कांडी काखेत दाबून तो निवांत काचा पुसत होता. चष्मा चढवून त्याने पंखाच्या टोकाकडे पाहिलं आणि या म्हणून खूण केली. जागा खरोखरच भरपूर होती.

वृंदाने विमान जागेवर नेऊन उभं केलं. इंजिनं शांत झाली. गेली परीक्षा, तिला वाटलं. उगाच म्हाताऱ्याचा अपमान केला.

"पास," ब्रेंडन म्हणाला. उठला मात्र नाही. "या वेळी मी काही लपवायला सांगितलं नव्हतं. मला थंडी वाजत होती, चहा हवा होता. मी गेलो असतो. काही झालंही नसतं. आणि मग उद्याही गेलो असतो."

मोठं माणूस असं बोललं की काय म्हणायचं ते वृंदाला लहानपणापासून पाठ होतं: छे हो सर, तुमचं कसं चुकेल. ते वाक्य जिभेवर आलंसुद्धा. तिने ते गिळलं.

"हो," ती म्हणाली. "गेला असतात."