अटकेतल्या जहाजाचा जुना पंप

मी असल्या गोष्टींना हसणारा माणूस. पालेगावला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीसुद्धा केली नाही, खर्च वाचवला. तेव्हा मला कुणी भाबडा समजू नये.

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये माझं पंपाचं वर्कशॉप आहे, स्वतः उभं केलेलं. एका मालवाहू जहाजाला पिण्याच्या पाण्याचा पंप बनवून दिला. नमुन्याला आणलेला त्यांचा जुना पितळी पंप आमच्याच फळीवर राहिला. बिल मात्र बुडालं — मालक परदेशात, फोन बंद. वकीलबाई म्हणाल्या, "मालक सापडत नाही ना? मग दावा जहाजावरच लावू." कोर्टाने जहाज अटकेत घेतलं, मुंबई बंदराबाहेर नांगरावर. हुकूम जहाजाच्या काचेवर चिकटवला. मी पेढे वाटले!

मग बाईंचा फोन. "जहाजावर नऊ खलाशी आहेत. मालकाने पाणी, डिझेल बंद केलंय. अटक तुम्ही करवलीत, आता त्यांच्या खर्चाची रक्कम कोर्टात तुम्ही भरा. जहाज विकलं की ती आधी परत मिळते."

"पैसे माझे बुडाले आणि पाणीही मीच पाजू?" मी खेकसलो. "एक रुपया देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला फळीवरचा तो पंप गळला... ना पाईप, ना नळ. पेलाभर पाणी. वरचा पत्रा कोरडा, मागची भिंत कोरडी. रोज अकरालाच! मी पंप खोलला. आत नुसती धूळ.

चौथ्या दिवशी आमचे जुने टर्नर गायकवाडकाका फडकं पिळत म्हणाले, "शेठ, आज निम्मंच गळलं."

का कोण जाणे, मी जहाजावरच्या इंजिनिअरला फोन लावला. रत्नागिरीकडचा माणूस.

"पाण्याचं कसं काय?"

"तुमचा पंप झकास आहे साहेब, त्याला ओढायला पाणीच नाही. उरलंसुरलं रोज अकराला वाटतो. माणशी एक पेला. आजपासून अर्धा."

मी काकांकडे बघितलंच नाही. दुपारीच जाऊन पैसे भरले... घासाघीस न करता.

पाणी वाहणारी सपाट बोट, बार्ज, जहाजाला पोचली त्या दिवशी अकराला आम्ही दोघं फळीसमोर उभे. पंप कोरडा. तो आजतागायत.

जहाज लिलावात गेलं. पाण्याचा खर्च परत आला, मग खलाशांचे पगार फिटले, माझ्या बिलापर्यंत येईतो पैसे संपले. त्याचा राग अजून आहे, लपवत नाही. काकांचीच खोडी असेल असंही मनात आणून पाहिलं. पण गळतीच्या दुसऱ्या दिवशी ते रजेवर, मांजर्लीला घरी होते, तरी पंप गळला होता. कारण आजही सापडत नाही.

परवा ओळखीचा भंगारवाला आला. "साईं, ये पीतल का पंप कितने में दोगे?"

भाव सांगायला मी आयुष्यात कधी अडलो नव्हतो. त्याला म्हटलं, "दुसरं काहीतरी बघ."